आंतरविकि दुवे : तीनशे विकिपीडियांची एक सूची

मराठी विकिपीडियावरचा ‘पुणे’ हा लेख उघडला की शीर्षकाशेजारी किंवा बाजूच्या पट्टीत भाषांची एक यादी दिसते. तिच्यातल्या जपानीवर टिचकी मारली की वाचक पुण्यावरच्याच जपानी लेखात पोहोचतो. तिथून फ्रेंच, फ्रेंचमधून तमिळ, तमिळमधून पुन्हा मराठी असा फेरा मारला तरी विषय सुटत नाही. दर वेळी समोर पुणेच असते.

ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागचे आश्चर्य ध्यानात येत नाही. मराठी विकिपीडिया आणि जपानी विकिपीडिया ही दोन स्वतंत्र संकेतस्थळे आहेत. त्यांचे डेटाबेस वेगळे, संपादक वेगळे, संकेत वेगळे, लेखांची नावे वेगळ्या लिपींतली. जपानी लेख मराठीचा अनुवाद नाही आणि मराठी लेख जपानीचा नाही. एका ठिकाणच्या संपादकाला दुसऱ्या ठिकाणचे अक्षरही बहुधा वाचता येत नाही. तरीही तीनशेहून अधिक भाषांतल्या या संकेतस्थळांवरून एकच सामाईक मार्गदर्शक सूची फिरते, आणि तिच्यातल्या जोड्या लावण्यासाठी कुणाचीही नेमणूक झालेली नाही.

अशा सूचीत यादी छापणे हे सोपे काम असते. दोन लेख एकाच विषयाचे आहेत हे कुणी ठरवायचे आणि ती नोंद कुठे ठेवायची, हा खरा प्रश्न. विकिपीडियाला त्याचे टिकाऊ उत्तर सापडायला बारा वर्षे लागली.

एक सॉफ्टवेअर, शेकडो स्थळे

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. दोनच महिन्यांत जर्मन आवृत्ती निघाली आणि मग एकेक भाषा येत गेली. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी झाला. सगळ्या भाषा एकाच संकेतस्थळात कोंबण्याऐवजी प्रत्येक भाषेला स्वतःचे उपक्षेत्र द्यायचे, असे सुरुवातीलाच ठरले. त्यामुळे पत्त्याच्या पुढच्या भागात भाषेचा संक्षिप्त कोड येतो. मराठीसाठी ‘एमआर’, जर्मनसाठी ‘डीई’, तमिळसाठी ‘टीए’.

या सर्वांखाली चालणारे सॉफ्टवेअर मात्र एकच आहे. सुरुवातीला क्लिफर्ड अॅडम्स यांनी पर्ल भाषेत लिहिलेली यूजमॉडविकी ही प्रणाली वापरली जात होती. वाढत्या वर्दळीला ती पुरेना, तेव्हा कोलोन विद्यापीठात शिकणाऱ्या माग्नुस मान्स्के यांनी पीएचपी भाषेत नवी प्रणाली लिहिली. ती जानेवारी २००२ मध्ये वापरात आली. त्याच वर्षी ली डॅनियल क्रॉकर यांनी तिचे पुनर्लेखन केले आणि २००३ मध्ये तिला ‘मीडियाविकी’ हे नाव मिळाले.

मीडियाविकीची एकच प्रत शेकडो विकी, म्हणजे वाचकांनाच संपादित करता येणारी संकेतस्थळे, चालवते. ब्राउझरकडून मागणी आली की सर्व्हर आधी पत्त्यातले क्षेत्रनाव पाहतो, त्यावरून हा कोणता विकी आहे ते ठरवतो आणि त्या विकीचा डेटाबेस उघडतो. मराठीच्या डेटाबेसचे नाव ‘एमआरविकी’, इंग्रजीच्या डेटाबेसचे ‘ईएनविकी’. बहुतेक मांडणी सर्वांना समान असते. जिथे एखाद्या भाषेला वेगळे काही हवे, तिथे तेवढाच अपवाद नोंदवला जातो.

या रचनेत प्रत्येक भाषेला मोकळीक मिळाली. मराठी संपादकांनी आपल्या चर्चापानाला ‘चावडी’ म्हटले, सॉफ्टवेअर-रोबोटला ‘सांगकाम्या’ म्हटले, वर्गवारी आपल्या पद्धतीने लावली. त्याची किंमतही मोजावी लागली. एका डेटाबेसातल्या लेखाला दुसऱ्या डेटाबेसात काय आहे याचा पत्ताच नव्हता.

उपसर्गाची युक्ती

जोडणीचे पहिले साधन विकिपीडियाहून जुने आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी जगातला पहिला विकी सर्वांसाठी खुला केला. विकीत दुवा द्यायचा तर पूर्ण पत्ता लिहावा लागत नाही, पानाचे नाव पुरते. पुढे विकी अनेक झाले, तेव्हा हीच सोय विकीच्या हद्दीबाहेर नेण्याची कल्पना निघाली. नावाआधी एक छोटा उपसर्ग आणि अपूर्णविराम लावायचा, आणि तो उपसर्ग म्हणजे कोणते स्थळ याचा तक्ता सॉफ्टवेअरजवळ ठेवायचा.

मीडियाविकीत हा तक्ता आजही आहे. त्याच्या प्रत्येक ओळीत एक उपसर्ग आणि एका पत्त्याचा साचा असतो. साच्यात एक जागा मोकळी सोडलेली असते आणि तिथे पानाचे नाव बसते. तक्त्याचा सार्वजनिक मसुदा ‘मेटाविकी’ या समन्वयाच्या विकीवर एका साध्या पानावर ठेवलेला आहे. त्यात विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेबाहेरच्याही अनेक स्थळांचे उपसर्ग आहेत. उद्या एखाद्या स्थळाचा पत्ता बदलला तर तक्त्यातली एक ओळ बदलली की काम झाले. लाखो पानांवरचे दुवे हातही न लावता नव्या पत्त्याकडे वळतात.

भाषेच्या उपसर्गाला या व्यवस्थेत खास वागणूक मिळाली. मराठी लेखाच्या शेवटी दुहेरी चौकटी कंसात ‘डीई’ हा उपसर्ग आणि जर्मन लेखाचे नाव लिहिले, की ती ओळ मजकुरात दिसत नसे. सॉफ्टवेअर ती उचलून बाजूच्या पट्टीत ‘जर्मन’ म्हणून मांडत असे. मजकुरातच दुवा दाखवायचा असेल तर आधी आणखी एक अपूर्णविराम द्यायचा. भाषांची सामाईक सूची इतक्या साध्या युक्तीवर उभी राहिली.

कोड बहुतांशी भाषांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातून, म्हणजे आयएसओ ६३९ मधून घेतले गेले. घाईत झालेल्या काही निवडी मात्र कायमच्या चिकटल्या. अलेमानिक जर्मनच्या विकिपीडियाचा कोड ‘एएलएस’ आहे; पुढे आलेल्या प्रमाणात तोच कोड अल्बानियाच्या तोस्क बोलीसाठी आहे. पत्ता एकदा रूढ झाला की बदलणे किती जड जाते, याचा हा चालताबोलता पुरावा.

गुणाकाराचा फास

युक्ती साधी होती आणि दोन-चार भाषांपुरती ती छान चालली. अडचण होती गणितात. प्रत्येक लेखाला इतर सर्व भाषांतल्या लेखांची यादी स्वतःजवळ बाळगावी लागे. एक विषय १० भाषांत असेल तर प्रत्येक पानावर ९ दुवे, म्हणजे एकूण ९०. भाषा १०० झाल्या तर दुवे ९,९००. भाषा ३०० झाल्या तर एका विषयासाठी ८९,७०० ओळी.

नव्या भाषेचे आगमन तर आणखी महाग पडे. एखादा लेख १०० भाषांत असताना मराठीत तो १०१वा म्हणून लिहिला, तर मराठी लेखात १०० दुवे घालायचे आणि त्या १०० संकेतस्थळांवर जाऊन प्रत्येक लेखात मराठीची ओळ घालायची. लेखाचे नाव बदलले की पुन्हा शंभर ठिकाणी दुरुस्ती. लेख वगळला गेला तर शंभर ठिकाणी मेलेला दुवा.

शिवाय दुवे एकतर्फी होते. मराठीने हिंदीकडे बोट दाखवले म्हणून हिंदीने मराठीकडे दाखवलेच असेल असे नव्हते. लहान भाषांना याचा फटका अधिक बसला. मोठ्या विकिपीडियावरच्या यादीत नाव नसले तर त्या भाषेत लेख आहे हेच वाचकाला कळत नसे.

सांगकाम्यांचा काळ

हे काम माणसांच्या आवाक्यातले उरले नाही, तेव्हा सांगकाम्ये पुढे आले. पायथन भाषेत लिहिलेल्या पायविकिपीडिया या आज्ञावली-संचात आंतरविकि दुव्यांसाठी एक स्वतंत्र आज्ञावली होती. तिचे काम असे चाले. एका लेखातून निघायचे, त्यातल्या सर्व दुव्यांवर जायचे, तिथल्या दुव्यांवरून पुढे जायचे, आणि गोळा झालेली पूर्ण यादी प्रत्येक पानावर लिहून टाकायची. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या संगणकांवरून असे सांगकाम्ये रात्रंदिवस चालवत.

त्या वर्षांतल्या एखाद्या मराठी लेखाचा इतिहास आज उघडला तर हे युग डोळ्यांसमोर उभे राहते. एका माणसाने दोन परिच्छेद लिहिलेले असतात आणि त्याखाली ओळीने सांगकाम्यांची संपादने. कुणी कोरियन दुवा जोडला आहे, कुणी पोलिश दुव्याचे नाव सुधारले आहे, कुणी फक्त क्रम बदलला आहे. लहान विकिपीडियांवर ‘अलीकडील बदल’ या पानात माणसांची कामे शोधावी लागत.

क्रमाचाही एक स्वतंत्र पसारा होता. काही विकिपीडियांना यादी कोडच्या वर्णक्रमाने हवी होती, काहींना भाषेच्या नावाच्या क्रमाने. हिब्रू आणि हंगेरियन विकिपीडिया इंग्रजीला आधी बसवत. हे सगळे संकेत सांगकाम्यांच्या आज्ञावलीत नोंदवलेले असत.

सांगकाम्या वेगवान होता, पण विषय ओळखण्याची अक्कल त्याच्याजवळ नव्हती. कुणी चुकून नदीच्या लेखातून त्याच नावाच्या गावाच्या लेखाकडे दुवा दिला, की तो त्या दुव्यावरून पलीकडे जाई आणि गावाच्या सगळ्या भाषा नदीच्या यादीत आणून ओती. मग दुसरे सांगकाम्ये ती चूक आणखी पसरवत. एकाच भाषेतले दोन लेख जाळ्यात सापडले तर गोंधळ आहे एवढे त्याला कळे. अशा वेळी एकट्याने चालणारा सांगकाम्या ते प्रकरण सोडून पुढे जाई. सोडून दिलेल्या या गाठी वर्षानुवर्षे साचत गेल्या. त्या सोडवायच्या तर एका माणसाला वीस-तीस भाषांतली पाने एकाच वेळी दुरुस्त करावी लागत. एक जरी राहिले, तरी पुढच्या फेरीत सांगकाम्या चूक परत आणून ठेवी.

नावाऐवजी क्रमांक

एका मध्यवर्ती माहितीसाठ्याची कल्पना विकिमीडियाच्या वर्तुळात २००४ पासून निरनिराळ्या रूपांत मांडली जात होती. तिला मूर्त रूप दिले विकिमीडिया डॉइचलँड या जर्मन संस्थेने. २०१२ मध्ये बर्लिनमध्ये डेन्नी व्रान्देचिच यांच्या नेतृत्वाखाली एक चमू कामाला लागला. आरंभीचा १३ लाख युरोंचा निधी अॅलन इन्स्टिट्यूट, गॉर्डन अँड बेटी मूर फाउंडेशन आणि गूगल यांच्याकडून आला. प्रकल्पाचे नाव ‘विकिडाटा’. लेखांतल्या माहितीचौकटी आणि याद्या यांच्यासाठीही तो पुढे वापरायचा होता, पण पहिला टप्पा म्हणून त्यांनी आंतरविकि दुवेच निवडले. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी विकिडाटा खुला झाला.

त्याची मूळ कल्पना अशी. जगातल्या प्रत्येक विषयाला एक नोंद आणि एक क्रमांक द्यायचा. क्रमांकाआधी ‘क्यू’ हे अक्षर. विश्व म्हणजे क्यू १, पृथ्वी क्यू २, मानव क्यू ५. मुंबई क्यू ११५६, पुणे क्यू १५३८, गोवा क्यू ११७१, महाराष्ट्र क्यू ११९१, मराठी भाषा क्यू १५७१. इंग्रज विनोदी लेखक डग्लस अॅडम्स यांच्या कादंबरीत ४२ या आकड्याला विश्वाच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर म्हटले आहे, म्हणून क्यू ४२ हा क्रमांक मुद्दाम त्यांनाच दिला गेला.

गावाकडे एकाच शेताला कुणी ‘आंब्याचे’ म्हणतो, कुणी ‘पाटलाचे’ म्हणतो. मालक बदलतो, नाव बदलते, पण गट नंबर तोच राहतो आणि व्यवहार त्यावर होतो. क्यू क्रमांकाचे काम तेच आहे. त्याला कोणत्याही भाषेतला अर्थ चिकटलेला नाही, म्हणून कोणत्याही भाषेला तो परका वाटत नाही. इंग्रजी शीर्षक हेच सर्वांचे मध्यवर्ती नाव मानले असते, तर इंग्रजीत लेख नसलेल्या विषयांना जागाच उरली नसती. महाराष्ट्रातल्या एखाद्या लहान गावावर फक्त मराठीत लेख असेल, तरी त्याला क्रमांक मिळतो आणि तो लंडनच्या क्रमांकाइतकाच ग्राह्य असतो.

प्रत्येक नोंदीत भाषावार नाव, छोटे वर्णन आणि पर्यायी नावे असतात. त्यांच्याखाली दुव्यांचा तक्ता असतो. एका बाजूला विकीची ओळख, दुसऱ्या बाजूला त्या विकीवरच्या लेखाचे शीर्षक. हा तक्ता दोन नियमांनी बांधलेला आहे. एका नोंदीत एका विकीचा एकच लेख असू शकतो, आणि एक लेख एकाच नोंदीत असू शकतो. दुसऱ्या नोंदीत आधीच असलेला लेख जोडायचा प्रयत्न केला तर प्रणाली नकार देते आणि तो लेख कोणत्या क्रमांकाखाली आहे ते सांगते. सांगकाम्यांच्या काळात नकळत पसरणारा गोंधळ आता उंबरठ्यावरच उघडा पडतो.

गुणाकाराचा फासही सुटला. ३०० भाषांतल्या विषयासाठी ८९,७०० ओळींऐवजी ३०० ओळी पुरल्या, त्याही एकाच जागी.

बदल टप्प्याटप्प्याने झाला. नव्या व्यवस्थेवरून भाषांची यादी घेणारा पहिला विकिपीडिया हंगेरियन; तारीख १४ जानेवारी २०१३. हिब्रू आणि इटालियन ३० जानेवारीला आले, इंग्रजी १३ फेब्रुवारीला, आणि ६ मार्च २०१३ रोजी मराठीसह उरलेले सर्व विकिपीडिया. त्यानंतर सांगकाम्यांना उलटे काम मिळाले. वर्षानुवर्षे त्यांनीच घातलेल्या ओळी लेखांतून काढून टाकायच्या. संपादनाची खिडकी उघडल्यावर खाली दिसणारी कोडांची लांबलचक रांग नाहीशी झाली.

बदल घरोघर कसा पोहोचतो

विकिडाटाच्या सॉफ्टवेअरला ‘विकिबेस’ म्हणतात आणि त्याचे दोन भाग आहेत. एक भाग मध्यवर्ती साठा सांभाळतो, दुसरा प्रत्येक विकीवर ग्राहक म्हणून बसवलेला असतो. साठ्यात कुणी दुवा जोडला की त्या बदलाची नोंद होते आणि संबंधित विकींच्या कामाच्या रांगेत एक काम पडते. ते काम त्या लेखाची जुनी साठवलेली प्रत बाद करते आणि नवी यादी तयार होते.

प्रत्येक विकी आपल्या लेखांच्या दुव्यांची एक प्रत स्वतःच्या डेटाबेसातही ठेवतो. त्यामुळे लेख उघडणाऱ्या प्रत्येक वाचकासाठी मध्यवर्ती साठ्याला विचारावे लागत नाही. निर्णय एका जागी नोंदवायचा आणि वाचनासाठी त्याच्या प्रती सगळीकडे ठेवायच्या, ही विभागणी नसती तर एवढी वर्दळ पेलणे कठीण होते.

उलट दिशेनेही निरोप जातो. मराठी विकिपीडियावर एखाद्या लेखाचे स्थानांतर केले, म्हणजे शीर्षक बदलले, तर तोच बदल विकिडाटावर आपोआप लिहिला जातो, आणि तो करणारा म्हणून त्याच सदस्याचे नाव लागते. लेख वगळला तर दुवाही निघतो.

स्थानिक विकीचा शेवटचा अधिकार मात्र कायम ठेवला गेला. लेखात जुन्या पद्धतीने हाताने दुवा लिहिला, तर त्या भाषेपुरता तोच ग्राह्य धरला जातो. मध्यवर्ती दुवे एखाद्या पानावर नकोच असतील तर ते रोखणारा एक ‘जादुई शब्द’, म्हणजे सॉफ्टवेअरसाठी पानात लिहायची खास खूण, उपलब्ध आहे. अनेक स्वायत्त समाजांनी एक सामाईक व्यवस्था स्वीकारली, यात या सवलतीचा वाटा मोठा आहे.

जिथे जग एकास एक जुळत नाही

एका विषयाला एक नोंद, एका भाषेत एक लेख, हा नियम यंत्राला सोयीचा आहे. ज्ञानाची विभागणी मात्र प्रत्येक समाज आपल्या पद्धतीने करतो. बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो हे १९३० च्या दशकातले अमेरिकी दरोडेखोर. काही विकिपीडियांवर या जोडीवर एकच लेख आहे, तर काहींवर दोघांचे स्वतंत्र लेख. विकिडाटावर जोडीची नोंद वेगळी, बॉनीची वेगळी, क्लाइडची वेगळी. त्यामुळे स्वतंत्र लेख वाचणाऱ्याला जोडीच्या लेखाकडे जाणारा दुवा मिळत नाही. विकिडाटाच्या संपादकांत या प्रश्नाला त्या जोडीचेच नाव पडले आहे. बऱ्याच चर्चेनंतर त्यावर एक तोड निघाली. जोडीच्या लेखाकडे नेणारे बॉनीच्या नावाचे पुनर्निर्देशन असेल तर ते विशिष्ट खूण लावून बॉनीच्या नोंदीत दुवा म्हणून घालता येते.

महाराष्ट्रातल्या स्थळनामांत अशी गाठ पावलोपावली आहे. सातारा हे शहर आहे, तालुका आहे आणि जिल्हाही आहे. तिघांच्या नोंदी वेगळ्या असायला हव्यात आणि प्रत्येक भाषेतला लेख योग्य नोंदीखाली जायला हवा. एखाद्या भाषेत शहर आणि जिल्हा यांची माहिती एकाच लेखात असेल, तर तो कुठे जोडायचा हे ठरवण्यासाठी लेख वाचावा लागतो.

उलट प्रकारची अडचण म्हणजे एकाच विषयाच्या दोन नोंदी. ‘एलएसजेबॉट’ या सांगकाम्याने स्वीडिश आणि सेबुआनो विकिपीडियांवर भूगोलाच्या माहितीसंचांतून लाखो लेख तयार केले. त्यातल्या अनेक डोंगर-नद्यांच्या नोंदी आधीच होत्या आणि नव्यांची भर पडून दुबार नोंदी वाढल्या. अशा नोंदींचे विलीनीकरण करता येते. एक क्रमांक राहतो आणि दुसरा त्याच्याकडे वळवला जातो. पण दोन्ही नोंदी खरोखर एकाच डोंगराच्या आहेत का, हे माणसाला तपासावे लागते. माग्नुस मान्स्के यांनी २०१४ मध्ये या तपासणीचाच एक खेळ केला. पडद्यावर दोन नोंदी येतात, आणि एकच की वेगळ्या, याचे उत्तर एका टिचकीत द्यायचे.

शब्दकोशाची वेगळी वाट

विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पांपैकी विकिव्हॉयेज, कॉमन्स, विकिस्रोत, विकिक्वोट हे एकेक करून याच व्यवस्थेत आले. विक्शनरी या शब्दकोशाला मात्र ती लागू पडेना. विकिपीडियाचे पान विषयाचे असते. विक्शनरीचे पान अक्षरांच्या विशिष्ट जुळणीचे असते. ‘कर’ या एका पानावर हात, सारा आणि आज्ञार्थी क्रियापद असे सगळे अर्थ नांदतात, आणि त्याच अक्षरांचा हिंदी किंवा संस्कृत शब्दही तिथेच येतो. अशा पानाला एक विषय-क्रमांक देणार कसा?

इथे उत्तर उलट आणि अधिक सोपे निघाले. मराठी विक्शनरीत ‘कर’ हे पान असेल आणि इंग्रजी विक्शनरीतही देवनागरीत ‘कर’ हेच पान असेल, तर ती दोन जोडायची. २०१७ मध्ये ‘कॉग्नेट’ नावाचा विस्तार बसवला गेला. तो सर्व विक्शनऱ्यांच्या शीर्षकांची एक मध्यवर्ती नोंद ठेवतो आणि जिथे शीर्षक तंतोतंत सारखे, तिथे दुवा आपोआप दाखवतो. एकाच संस्थेच्या दोन प्रकल्पांत सामाईक सूचीचे तत्त्व इतके वेगळे निघाले, कारण दोन्हीकडे ‘एकच’ म्हणजे काय याचा अर्थ वेगळा होता.

यादी दाखवायची कुठे

जोडणी निर्दोष असली तरी वाचकाला ती दिसली नाही तर व्यर्थ. २०१० मध्ये विकिपीडियाला ‘व्हेक्टर’ हे नवे रूप देताना भाषांची यादी मिटून ठेवली गेली. फार थोडे वाचक तिच्यावर टिचकी मारतात, असे मोजमाप त्यामागे होते. संपादकांनी तीव्र आक्षेप घेतला. टिचक्या कमी असल्या तरी इतक्या भाषांत हे ज्ञान आहे, हे सांगण्याचे काम ती यादी करते, असे त्यांचे म्हणणे होते. थोड्याच दिवसांत यादी पुन्हा उघडी झाली.

भाषा वाढत गेल्या तशी यादीच इतकी लांब झाली की हवी ती भाषा सापडेना. २०१६ मध्ये बहुतेक विकिपीडियांवर आटोपशीर यादी आली. ब्राउझरची भाषा, वाचकाने आधी निवडलेल्या भाषा आणि तो ज्या देशात आहे तिथल्या भाषा, यांवरून मोजकी नावे वर दिसतात आणि बाकीची शोधपेटीतून मिळतात. भारतातल्या वाचकाला हिंदी, मराठी, तमिळ समोर दिसतात, तर फिनलंडमधल्या वाचकाला फिनिश आणि स्वीडिश. नंतरच्या ‘व्हेक्टर २०२२’ या रूपात यादी बाजूच्या पट्टीतून निघून शीर्षकाशेजारच्या बटणात गेली. इंग्रजी विकिपीडियावर हे रूप जानेवारी २०२३ पासून सर्वांना दिसू लागले.

सूचीबरोबर इतर गोष्टीही सामाईक झाल्या. चित्रांसाठी सप्टेंबर २००४ मध्ये कॉमन्स सुरू झाले, आणि तिथे एकदा चढवलेले छायाचित्र कोणत्याही विकीवर वापरता येऊ लागले. सर्व विकींसाठी एकच खाते ही सोय २००८ पासून आली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती सर्वांना लागू झाली. एकाच नावाची दोन माणसे वेगवेगळ्या विकींवर आढळली, तर एकाच्या नावापुढे त्याच्या विकीचे नाव जोडले गेले. ओळख सामाईक करायची तर आधी कोण कोणता हे निश्चित करावे लागते, हा नियम लेखांप्रमाणे माणसांनाही लागू पडला.

मराठीला याचा उपयोग

लहान-मध्यम विकिपीडियांना या व्यवस्थेचा लाभ सर्वाधिक झाला. पूर्वी नव्या मराठी लेखाची वार्ता जगभर पोहोचवायला सांगकाम्याची फेरी यावी लागे. आता लेख लिहून त्याच्या पानावरूनच दुसऱ्या कोणत्याही एका भाषेतल्या लेखाचे नाव दिले की तो त्या क्रमांकाखाली जातो, आणि त्या नोंदीतल्या सर्व भाषांच्या याद्यांत मराठी दिसू लागते. २०१५ पासून वापरात असलेल्या ‘आशय भाषांतर’ या साधनाने लेख अनुवादित केला तर हे कामही आपोआप होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या गोव्याच्या कोंकणी विकिपीडियाला सांगकाम्यांच्या त्या जुन्या फेऱ्यांची वाट पाहावीच लागली नाही.

आज विकिडाटावर दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. क्रमांक देणे, निरोप पोहोचवणे, शीर्षक बदलले की दुवा सुधारणे हे सर्व यंत्र बिनचूक करते. पण मराठीतला ‘सातारा’ हा लेख शहराच्या क्रमांकाखाली हवा की जिल्ह्याच्या, हे लेख वाचल्याशिवाय ठरत नाही, आणि मराठी लेख वाचू शकणारा माणूस मराठीच असण्याची शक्यता अधिक. त्याने ते एकदा नीट ठरवले की त्याची दुरुस्ती त्याच नोंदीतल्या प्रत्येक भाषेच्या वाचकापर्यंत पोहोचते. पूर्वी हेच काम करायला शंभर संकेतस्थळांवर जावे लागत होते.